ओल्या कोर्टावर फिरवलेला रूळ

माझा सत्कार करायचं ठरलं तेव्हा मला आनंद झाला, हे आधी लिहून टाकतो. पुढचं वाचून कुणाला वाटेल की मी पहिल्यापासून मान खाली घालून बसलो होतो. तसं नाही. मी खूश झालो होतो. सातपूरच्या आमच्या कॉलनीत टेनिसची दोन मातीची कोर्टं आहेत, ती मी पस्तीस वर्षं सांभाळली. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाला याहून मोठं काय करता येतं ते मला ठाऊक नाही.

निरोप घेऊन आमची कोच आली. ती कॉलनीतलीच. तिचे वडील कारखान्यात टर्नर होते, आणि ती स्वतः नऊ वर्षांची असल्यापासून माझ्या डोळ्यांसमोर खेळलेली. आता चाळिशीला आली, कॉलनीतल्या पोरांना शिकवते.

"काका, यंदा मंडळानं ठरवलंय, हे मैदान ज्यांनी उभं केलं त्यांचा मान करायचा," ती म्हणाली. "चौघं आहेत. जागा मिळवून देणारे साहेब, पोरांना फुकट शिकवणारे मास्तर, रॅकेटच्या तारा ओढून देणारे वर्कशॉपवाले आणि तुम्ही."

"मी चौथा का?"

"नंबर नाहीत काका. नुसती यादी आहे."

"यादीत पण चौथाच की."

ती हसली. म्हणाली, "बरं, तुम्हाला पहिले बसवू. पण पाच मिनिटं बोलावं लागेल. कोर्टं तुमच्या हातची आहेत. तुम्ही नसता तर आम्ही सिमेंटवर खेळलो असतो आणि सगळ्यांचे गुडघे गेले असते."

हे बोलताना ती आपला उजवा गुडघा चोळत होती. तिची ती सवयच आहे. आमच्या मंडळी चहा घेऊन आल्या, कप ठेवले आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या.

कोच गेल्यावर त्यांनी विचारलं, "घेणार तुम्ही सत्कार?"

"का, नको घेऊ?"

"घ्या की. हात तुमचेच होते ना."

एवढं बोलून त्या पोळ्या करायला बसल्या. घरात ही गोष्ट त्यांना एकट्यांना माहीत आहे, आणि बावीस वर्षांत त्यांनी ती तीन-चारदाच काढली असेल. दर वेळी इतक्याच शब्दांत.

ती गोष्ट अशी.

कॉलनीच्या मागं एक प्लॉट पडून होता. गाजरगवत आणि दगड. मी तिथला रखवालदार. कारखान्यातल्या लोकांनी ठरवलं की इथं टेनिस सुरू करायचं. टेनिस फक्त साहेबांनी का खेळावं, असं तेव्हा वारं होतं. पहिली पाळी सुटली की माणसं घमेली-फावडी घेऊन यायची, डबा खायची आणि दगड वेचायची. मुरूम आणला, विटांचा चुरा आणला, एका ओव्हरसियरनं टेप लावून मापं टाकली. कोर्ट झालं. महिनाभरात त्याची दशा झाली. बॉल पडला की कुठल्या बाजूला उडेल ते टाकणाऱ्यालाही कळेना. उन्हात धुरळा, पावसात चिखल.

तेव्हा शेजारच्या रस्त्यावर पाइप टाकायचं काम चालू होतं. त्या कामावर पेठ तालुक्याकडची एक बाई होती. नवऱ्याबरोबर आलेली, मागच्या झोपड्यांत राहायची. आमच्या नळावर पाणी प्यायला यायची. एक दिवस कोर्टाकडं बघत उभी राहिली.

"इथं काय पिकवणार?"

"टेनिस."

"म्हंजी?"

मी सांगितलं. मध्ये जाळी, इकडं दोन माणसं, तिकडं दोन, आणि दिवसभर पळायचं. तिनं खाली बसून माती चिमटीत घेतली.

"मंग खळं करा की दादा. खळ्यावर बैल फिरत्यात, तरी फुटत नाय. चार माणसं पळाली तर काय व्हतंय?"

खळं मी लहानपणी पाहिलेलं. धान्य मळायला शेतात जी जागा करतात ती. पण ते करायचं कसं ते बायकांचं काम, मी कधी लक्ष दिलं नव्हतं. मंडळाच्या लोकांना जाऊन म्हणालो, "मी असं म्हणतो, खळ्यासारखं करून बघू." मी असं म्हणतो, असंच म्हणालो. पहिलं खोटं ते. तेव्हा ते खोटंसुद्धा वाटलं नाही.

तिला रोजावर ठेवली. मुरूम बारीक चाळणीनं चाळायचा. तांबडी माती, त्यात भाताचं तूस. शेण ताजं चालायचं नाही, दोन दिवस पाण्यात मुरवलेलं लागायचं. थरावर थर द्यायचे आणि वरून सारवायचं. ती एका कोपऱ्यापासून मागं मागं सरकत यायची, हाताचे अर्धगोल एकाला एक लागून, संबंध कोर्टभर. मग वाळायची वाट. वाळलं की नाही हे ती नुसतं बघून सांगायची नाही. हाताची पालथी बाजू जमिनीवर टेकवायची, तापलेल्या लेकराच्या कपाळावर टेकवतो तशी. गार लागलं तर आत ओल आहे. मग रूळ फिरवायचा नाही. ऊन कितीही असो, कुणी कितीही घाई करो.

रूळ माझा होता. लोखंडी पिंप, आत सिमेंट भरलेलं. रूळ फिरवायचा, फक्की मारून रेघा आखायच्या, नेट ताणायचं, ही माझी कामं.

असं बारा-तेरा वर्षं चाललं, शेजारी दुसरं कोर्टही झालं. बाहेरगावची माणसं खेळायला यायची, कोर्टावर पाय आपटून बघायची आणि विचारायची, हे केलं कुणी. सगळे माझ्याकडं बोट दाखवायचे. ती तेव्हा नळावर बादली धूत असायची. मी म्हणायचो, "खळ्याची पद्धत आहे आपली." आपली म्हणायचो. अंबडला एक कोर्ट करून दिलं, दिंडोरीकडं एका बागायतदाराच्या बंगल्यात एक करून दिलं. दोन्हीकडं तिला मजूर म्हणून नेली. दोन्हीकडं फोटो माझा निघाला. ती त्याबद्दल कधी काही बोलली नाही. तिला फोटोची हौस नव्हती, असं मी स्वतःला सांगत आलो. मी तिला कधी विचारलं नाही, हे खरं.

बावीस वर्षांपूर्वी, त्या साली परतीचा पाऊस दसऱ्यानंतरही रेंगाळला. सारवण लांबलं. कॉलनीच्या स्पर्धा रविवारी होत्या. शनिवारी सकाळी मंडळाचे चौघं आले.

"उद्या होईल ना?"

मी तोंड उघडायच्या आत ती कोर्टावरूनच बोलली, "नाय होणार. वरून वाळलंय, पोटात वल हाय. दोन दिस रूळ लावू नका."

चौघं हसले. एकजण मला म्हणाला, "अरे वा. म्हणजे इथं साहेब कोण आहे ते आज कळलं आम्हाला."

थट्टाच होती. दुसऱ्या कुणी ती हसण्यावारी नेली असती. मी नेली नाही. माझ्या जिभेवर आलं ते असं, "उद्या होणार म्हणजे होणार."

ते गेले. मी रूळ काढला. ती आडवी आली.

"दादा, नको. हात लावून बघ तू."

"तू माती बघ. रूळ माझा आहे."

मला हात लावून बघायची गरज नव्हती. सकाळीच ती नव्हती तेव्हा मी हात टेकवून पाहिला होता. गार लागलं होतं. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आमच्या मंडळींनासुद्धा नाही. रूळ ओढायला दोघं लागतात, मी रागानं एकट्यानं ओढला. ती नळापाशी पाठ करून बसली. संध्याकाळी कोर्ट परातीसारखं चमकत होतं.

रविवारी दुसरीच मॅच मुलींची. आज जी कोच आहे ती तेव्हा चौदा वर्षांची. कॉलनीनं तेवढा चांगला खेळ कुठल्या पोराचाही पाहिला नव्हता. बाहेरच्या मोठ्या स्पर्धांना तिची निवड झालेली. कोपऱ्यातल्या बॉलला ती धावली, पाय रोवला, आणि वरचा थर भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटून सरकला. गुडघा आत वळला. ती ओरडली नाही. नुसती खाली बसली आणि पायाकडं बघत राहिली, तो दुसऱ्या कुणाचा असावा तशी.

तिला उचलून नेलं. मंडळाच्या एकानं त्या जागी बोट खुपसलं, ते ओलं निघालं.

"हे काय आहे?"

सारवणारी बाई माझ्यामागं दोन पावलांवर उभी होती. मी म्हणालो, "बाईनं शेण ताजं घातलेलं दिसतंय. वरून रूळ लावणाऱ्याला आतलं काय कळणार?"

त्या चौघांनी आदल्या दिवशी तिचं बोलणं कानांनी ऐकलं होतं. एकालाही ते आठवलं नाही. आठवलं असेल तर कुणी बोललं नाही. स्पर्धा त्यांनाही रविवारीच हवी होती. पण त्यांचं त्यांच्यापाशी. तोंड माझं उघडलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिला नको म्हणून सांगायचं कामही माझ्याकडंच आलं.

"उद्यापासून येऊ नको."

"रूळ कोणी फिरवला, दादा?"

"रूळ मी फिरवला. पण माती तुझी होती."

तिनं पदराला हात पुसले आणि गेली. नंतर कळलं की ती दिंडोरीला द्राक्षांच्या छाटणीला जाते, मग कळलं की गावाला परत गेली.

सारवण मी करू लागलो. पुरुषमाणूस शेणात हात घालतो म्हणून आधी लोक हसले, मग कौतुक करू लागले. बारा वर्षं बघून बघून मला ते आलं होतं. चांगलं आलं होतं. पोरीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, दोन वर्षं गेली, ती परत कोर्टावर आली पण तो खेळ परत आला नाही. मग ती शिकवायला लागली. एकदा, पाच-सहा वर्षांपूर्वी, पोरं गेल्यावर माझ्याजवळ बाकावर बसून म्हणाली, "काका, त्या बाईनं शेण नीट मुरवलं असतं तर मी आज कुठं असते."

मी "हो" म्हणालो.

मी गप्प बसू शकलो असतो. काही ऐकू आलं नाही असं दाखवू शकलो असतो. या वयात ते चालतं. मी हो म्हणालो.

सत्काराला आठ दिवस राहिले तेव्हा मी पेठची एसटी धरली. झोपड्यांत विचारून गाव काढलं होतं. घरी सांगितलं नाही, पण मंडळींनी डब्यात दशम्या बांधून दिल्या, म्हणजे त्यांना कळलं होतं.

ती अंगणात नागलीची कणसं वाळत घालत बसली होती. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं.

"कोण हाय?"

"मी. सातपूरच्या मैदानावरचा."

थोडा वेळ बघत राहिली. "दादा? लय म्हातारा झालास रे."

"तू काय पोर राहिलीस?"

"मी मेले का ते बघाया आलास?"

"मेली असतीस तर कशाला आलो असतो एवढ्या लांब."

ती हसली. सुनेला हाक मारून कोरा चहा टाकायला सांगितला. मी बसलो. काय बोलायचं ते एसटीत सगळं जुळवलं होतं, आणि तोंडातून निघालं, "कोर्टं अजून आहेत."

"आसतील." मग तिनं हातातलं कणीस खाली ठेवलं. "त्या पोरीचा पाय बरा झाला का?"

"चालते. पळत नाही पहिल्यासारखी. शिकवते आता."

"लय दिस माझ्या डोक्यात व्हतं ते," ती म्हणाली. "म्हणलं, आपण दोन दिस मुरवलं का एकच? त्या वक्ताला गोठा बदलला व्हता, त्याचं काय झालं का? तूस जास्ती पडलं का? आजून बी सारवाया बसले की चार-चार दिस मुरवत ठेवते. ही सून हसते मला."

सून खरंच दारात हसत उभी होती.

मी समजत होतो की ती बावीस वर्षं मला शिव्या देत असेल. शिव्या घ्यायची तयारी करून मी गेलो होतो, त्या मला झेपल्या असत्या. ती स्वतःला शोधत बसली होती, शेणात, तुसात, पाण्यात. माझं खोटं मी विसरायला बघत होतो आणि ती ते खरं धरून जगली होती.

"तुझं काही चुकलं नव्हतं," मी म्हणालो. "ओल होती. मी सकाळी हात लावून बघितला होता. मला माहीत होतं."

चहा आला. तिनं बशीत ओतला, प्यायली, बशी पालथी घातली.

"माहीत व्हतं तुला."

"हो."

"आन मला म्हणलास, माती तुझी."

"हो."

"मला कशाला सांगतोस मंग? माझा काय पाय मोडला? त्या पोरीला सांग."

"सांगतो. पुढच्या रविवारी कार्यक्रम आहे. तू चल. स्टेजवर बसवतो."

"नागली पडलीय आंगणात. आन तुझ्या स्टेजवर बसून मी काय करू? तुझा सत्कार, तू बस."

मी उठलो तरी ती उठली नाही. फाट्यापर्यंत सून आली, वाट दाखवायला.

त्या आठवड्यात मी कोचला तीनदा सांगायला गेलो. एकदा ती पोरांना सर्व्हिस शिकवत होती. एकदा तिचा फोन चालू होता. तिसऱ्यांदा ती मोकळी होती, समोर उभी होती, "काय काका?" म्हणाली, आणि मी नेटची दोरी बदलायला झाली असं सांगून आलो. हट्टी माणूस धीट असतो असं लोकांना वाटतं. तसं काही नसतं.

रविवारी कोर्टाच्या कडेला मांडव होता. मला खरंच पहिला बसवला. शाल झाली, नारळ झाला, माइक हातात आला. समोर खुर्च्यांवर सगळी कॉलनी. कोच बाजूला यादी घेऊन उभी. मी म्हणालो, ही कोर्टं माझी नाहीत. पेठकडच्या एका बाईनं खळं करतात तशी ती केली, मी तिचं बघून शिकलो. टाळ्या पडल्या. मी म्हणालो, बावीस वर्षांपूर्वी तिनं नको सांगितलं असताना मी ओल्या कोर्टावर रूळ फिरवला, एका पोरीचा पाय गेला, आणि मी नाव त्या बाईचं घेतलं. मग अध्यक्ष उठले, त्यांनी दुसरा माइक घेतला आणि म्हणाले, "बघा मंडळी, सत्काराच्या दिवशीसुद्धा स्वतःकडं कमीपणा घेणारी ही जुनी माणसं. याला म्हणतात मोठेपणा." मग तर फारच टाळ्या पडल्या.

"मोठेपणा नाही," मी म्हणालो. "मी खोटं बोललो होतो."

पुन्हा टाळ्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं डोळे पुसले. माझ्या हातून माइक घेतला गेला. मी कोचकडं पाहिलं. ती टाळ्या वाजवत नव्हती. तिनं यादीवर नजर टाकली आणि मास्तरांचं नाव पुकारलं, आवाजात काही फरक न पडता.

घरी आल्यावर मंडळींनी पाणी दिलं. मी म्हणालो, "सांगून टाकलं एकदाचं."

"चारचौघांत सांगितलंत," त्या म्हणाल्या. "तिला आधी एकटीला सांगायचं होतं. तिथं तिला बिचारीला रागावतासुद्धा आलं नसेल. हातात यादी होती तिच्या."

ते खरंच होतं. सांगण्यातसुद्धा मी माझीच सोय पाहिली होती.

दोन दिवसांनी ती दारात आली. आत ये म्हटलं तरी आली नाही.

"गावाचं नाव सांगा."

मी सांगितलं. कुठल्या फाट्यावर उतरायचं, पुढं किती चालायचं, तेही सांगितलं. तिनं फोनमध्ये लिहून घेतलं.

"शाळकरी होते मी," ती म्हणाली. "त्या बाई कॉलनीच्या नाक्यावर दिसल्या होत्या एकदा, मी कुबड्या घेऊन जात होते. त्या माझ्याकडं यायला लागल्या तर मी आईला म्हणाले, हिला माझ्याजवळ येऊ देऊ नको. आईनं त्यांना हाकललं."

मला हे माहीत नव्हतं.

"मी येतो बरोबर," मी म्हणालो. "वाट अवघड आहे, चढाची. तुझा गुडघा."

"तुम्ही नको, काका."

रविवारी ती गेली. मी दिवसभर मैदानावर होतो, काम नसताना. संध्याकाळी ती आली नाही. सोमवारी नेहमीच्या वेळेला आली, पोरांना पळायला लावलं, टोपलीतले बॉल मोजून घेतले. मी कडेला पाणी मारत होतो. पोरांचा घोळका लांब गेल्यावर मी विचारलं.

"भेटल्या का?"

"भेटल्या."

"काय म्हणाल्या?"

तिनं एक बॉल रॅकेटवर दोन-तीनदा उडवला.

"ते आमचं दोघींचं आहे, काका," ती म्हणाली आणि पोरांकडं वळली.

मी पाइप ओढत दुसऱ्या कोर्टावर गेलो. त्यालाही पाणी मारायचं होतं.